मंगलचे नऊ टप्पे

मंगल,

तुझी शिट्टी आता माझ्याकडे आहे. तेराव्याची पंगत उठल्यावर तुझ्या सुनेनं, ज्योतीनं, ती माझ्या हातात ठेवली. पितळेची, काळ्या दोरीची, तोंडाकडच्या बाजूला तुझ्या दातांनी जराशी चेपलेली. "आईंनी तसं काही सांगून ठेवलं नव्हतं, पण ही तुमच्याकडंच पाहिजे मॅडम," एवढं बोलून ती आत गेली. मी शिट्टी पर्समध्ये टाकली, घरी आले आणि दोन दिवस पर्स उघडलीच नाही. तुला माहीत आहे, मला शिट्टीचा आवाज सहन होत नाही. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर कायम पी.टी.चे सर शिट्ट्या फुंकत असायचे. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. मग तू भेटलीस.

भेटलीस कसली, हटकलंस. कॉलनीच्या मैदानावर मी सकाळच्या फेऱ्या मारत होते. साखरेसाठी डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर सांगितले होते, मैदानाची एक फेरी तीनशे दहा मीटरची, म्हणजे तेरा फेऱ्या. मी बोटांवर मोजत होते. नववी चालू असताना कठड्यावर बसलेली एक बाई पाय हलवत म्हणाली, "मॅडम, आठवडा झाला बघायले मी. गोल गोल फिरून तुम्ही चाललात तरी कुठं?"

मी म्हटलं, मध्ये बोलू नका, आकडा चुकतो.

"बावीस वर्षं एस्टीत कंडक्टर होते मी," तू म्हणालीस. "सकाळी उठलं की कुठंतरी पोचायची सवय हाय. आसं तिथल्या तिथं फिरलं तर मला तर चक्करच येईल."

आणि खरंच आकडा चुकला. मला इतका राग आला की मी पहिल्यापासून तेरा फेऱ्या मारल्या. तू तेवढा वेळ तिथंच बसून राहिलीस आणि शेवटी आपली पाण्याची बाटली पुढं केलीस. दुसऱ्या दिवशी आपण मैदानाच्या फाटकातून बाहेर पडलो, ते पुन्हा आत म्हणून गेलो नाही.

तुझ्या जगात किलोमीटर नव्हते, टप्पे होते. एस्टीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, तिकीट टप्प्यावर, आणि तुझं सगळं आयुष्य त्याच मापात बसवलेलं. दौलताबाद तीन टप्पे. तुझं माहेर अकरा टप्पे. माझ्याकडे मात्र फोन होता. मुलानं त्यात चाललेलं अंतर दाखवणारं काहीतरी घालून दिलं होतं आणि मी त्याच्यावर देवासारखा विश्वास ठेवायचे. हिमायत बागेतून फिरून परत आलो की मी फोन काढायचे. अकरा पूर्णांक दोन. तू म्हणायचीस, दोन टप्पे.

"दोन टप्पे म्हणजे बारा, मंगल. आठशे मीटर कमी आहेत."

"टप्पा आर्धा नसतो मॅडम. माणूस मधी उतरला तरी तिकीट पुढच्या टप्प्याचंच फाडायचं."

"म्हणजे न चाललेले आठशे मीटर तू चालल्यात धरतेस."

"आन् तुम्ही चालून आल्यावर न चालल्यासारखं तोंड करता."

हा वाद आपण दीड वर्ष घातला. रोज. चहावाल्यानं एकदा आपल्याला दोन वेगळ्या बाकांवर बसवलं होतं, आठवतं? तिथूनही आपण ओरडून भांडलो. माझं म्हणणं बरोबर होतं, हे मी आजही सांगेन. दर वेळी वर धरत गेलं की नऊ टप्प्यांच्या रस्त्यात चार किलोमीटर हवेत जातात. तुला ते पटायचं नाही असं नव्हतं. तुला भांडायला आवडायचं. मलाही आवडायचं, हे मात्र मी तुला कधी कळू दिलं नाही.

पैठणचं तू पहिल्यांदा बोललीस ते अशाच एका सकाळी. बशीत चहा ओतता ओतता म्हणालीस, "बावीसातली सतरा वर्षं पैठण रोडवर गेली माझी. सगळी उभ्यानं. गर्दीत, तिकिटं फाडत, पाठ दरवाज्याला. लोकं खिडकीतून रस्ता बघायची, मी लोकांची तोंडं बघायची. त्यो रस्ता मला एकदा पायाखाली घालायचाय. एका दिवसात. स्टँडापासून स्टँडापर्यंत, सगळे नऊ टप्पे."

मी म्हटलं, पन्नास किलोमीटर एका दिवसात? आपल्या वयाला? तू बशी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे असं पाहिलंस, जसं बिनतिकिटाच्या माणसाकडे पाहत असशील. "रस्त्याला काय आपलं वय माहीत हाय?" म्हणालीस. त्या दिवसापासून तुझं तेच ठरलं. आणि मी कधी हो म्हटलं ते मला अजूनही आठवत नाही.

आधी आपण दोघीच होतो. मग शहागंजात शिवणकाम करणारी सलमा आली, कारण तुझे ब्लाउज शिवता शिवता तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्यामागून औरंगपुऱ्यातल्या दुकानात काम करणारी पुष्पा आली, मग कॉलनीतल्या पाचजणी. नऊ झालो तेव्हा तू खूश झालीस. नऊ टप्पे, नऊ बाया, आता दहावी नको म्हणालीस. सलमाचे मियाँ युसूफभाई दर रविवारी रिक्षा घेऊन मागून यायचे. रिक्षात पाण्याचे कॅन, गुळाची ढेप, मलमपट्टीचा डबा आणि टेपवर त्यांच्या आवडीच्या कव्वाल्या. दोन शिट्ट्या झाल्या की निघायचं, एक झाली की थांबायचं. एस्टीतली डबल बेल आणि सिंगल बेल तू जशीच्या तशी आमच्यावर लादलीस. पहिल्या रविवारी मी कानात बोटं घातली होती.

आणि प्रत्येक थांब्यावर तुझी ती मोजणी. एकेकीच्या खांद्याला हात लावत जायचं, ओठ हलवत. पहिल्यांदा दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी तू मोजलंस आणि तुझा चेहरा उतरला. "आठच! एक राहिली मागं!" युसूफभाईंना तू तसंच उलट पिटाळलंस. ते तीन किलोमीटर मागं जाऊन आले. "आपा, रस्ते पे तो कोइच नै," म्हणाले. "एक बकरी मिली, उसकू भी पूछ लिया." तू रडायच्या बेतात. शेवटी सलमानं तुझ्या छातीवर बोट ठेवलं. "आपा, तुम खुद को गिने क्या?" आम्ही सगळ्या जमिनीवर बसून हसलो. तू मात्र हसली नाहीस. कंडक्टर स्वतःला मोजत नसतो, असं तू इतक्या गंभीरपणे सांगितलंस की आम्ही तोंड दाबून गप्प झालो. पुढच्या रविवारीही तू आठच मोजलंस. त्यानंतर आम्हीच तुझ्या आठवर समाधान मानायला शिकलो.

तुझी सगळ्यात मोठी हुशारी मला सांगायची आहे, कारण ती कुणाच्या लक्षात राहणार नाही. पन्नास किलोमीटर चालायचं म्हटल्यावर आम्ही सगळ्या बूट, पाणी, खाणं, गुडघे यांवर बोलत होतो. तू पहिल्या बैठकीत वही काढून एकच विचारलंस. "दिवसभरात बाथरूमला कुठं जायचं?" मग तूच सांगितलंस. "बाईमाणसाला रस्त्यात खरी अडचण कशाची असती ते मला विचारा. पायाची नसती." मग तू सलग चार दिवस एकटी एस्टीनं, जुन्या सवयीनं दरवाज्याशी उभी राहून, पैठण रोडवर जाऊन आलीस. दर टप्प्याला उतरायचं, ओळखीचं घर गाठायचं, आणि सांगायचं, आमच्या बाया अमुक वाजता येतील, दार उघडं ठेवा. चितेगावात शाळेच्या शिपायाची बायको. बिडकीनला तुझ्याच गाडीवर असलेले निवृत्त ड्रायव्हर. ढोरकीनला मेथीवाली गिरजाबाई. ही सगळी तुझ्या गाडीची जुनी माणसं. कुणाच्या पोराला तू परीक्षेच्या दिवशी हात धरून गाडीत ओढलं होतंस, कुणाची टोपली वर चढवली होतीस. नकाशा मी काढला होता, रंगीत पेन्सिलींनी, अंतरं लिहून. तुझ्या वहीत नुसती दारं होती. चालताना आमच्या कामाला आली ती तुझी वही.

आता त्या दिवसाबद्दल लिहायला हवं.

डिसेंबरातला शेवटचा रविवार. पहाटे साडेचारला संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या फाटकात आपण नऊजणी, कानटोप्या घालून. सुरुवात तिथूनच करायची हा तुझा हट्ट, कारण पहिला टप्पा तिथून सुरू होतो. एस्टीत जाणारी माणसं थांबून बघत होती. तू दोन शिट्ट्या मारल्यास आणि फलाटावरची एक गाडी चुकून हलली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून तुला ओळखलं आणि आपल्या हॉर्नवर दोनदा उत्तर दिलं.

मंगल, तो दिवस किती सुंदर होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. चितेगावात चहाबरोबर कुणीतरी गरम वड्यांचं ताट घेऊन धावत आलं. बिडकीनला तुझे ड्रायव्हर साहेब स्वच्छ धोतर नेसून दारात उभे, बाथरूममध्ये नवा साबण, आणि नऊ नवे टॉवेल खुर्चीवर घडी घालून ठेवलेले. "बाईनं सतरा वर्षांत मला एकदाबी उशीर करू दिला नाय, आज मीच वेळेवर आहे," म्हणाले. बाजूच्या शेतातून एकानं मोसंब्यांची पाटी आणून दिली आणि आमच्याबरोबर अर्धा किलोमीटर चालत आला, कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं. ढोरकीनला गिरजाबाईनं बाजरीच्या भाकरी, पिठलं आणि मेथीची भाजी अंगणात मांडून ठेवली होती. रोज पहिल्या गाडीनं मेथीचं गाठोडं शहागंजला न्यायची ती, आणि तिचं गाठोडं वर येईपर्यंत तू डबल द्यायची नाहीस. "सतरा वर्षं हिच्यामुळं माझी मेथी ताजी विकली," असं ती प्रत्येकीला वेगवेगळं सांगत होती. तू भाकरी खाता खाता मान खाली घातली होतीस. तुला कौतुक ऐकता यायचं नाही.

आणि या सगळ्यात माझे पाय फाटत होते.

तू दहादा सांगितलं होतंस की मोठ्या दिवशी जुनेच बूट घालायचे. मी स्वतः सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. पण एवढा मोठा दिवस आणि ते झिजलेले, चिखलाचे बूट? आदल्या दोन दिवसांत मी औरंगपुऱ्यात जाऊन नवे कोरे बूट आणले. सणाला नवं नेसतात तसं. घरात घालून चार पावलं टाकली, छान वाटलं. चितेगावापर्यंत तुझी नजर दोनदा माझ्या पायांकडे गेली. बिडकीननंतर टाचा सोलल्या गेल्या. गिरजाबाईनं मिठाचं कोमट पाणी दिलं, युसूफभाईंनी पट्ट्या बांधल्या आणि हळूच म्हणाले, "मॅडम, रिक्षा में बैठ जाओ, कोई देखता नै." मी त्यांच्यावर खेकसले. एकतीस वर्षं पोरांना गणितातल्या पायऱ्या गाळू नका म्हणून सांगणारी मी, पायरी गाळणार नव्हते.

शेवटच्या टप्प्याच्या फाट्यावर, पाच वाजता, मला पुढचं पाऊल टाकता येईना. मी दगडावर बसले. तू एक शिट्टी मारलीस.

पैठण फक्त एक टप्पा राहिलं होतं. तुझा गुडघा ठणठणीत होता, श्वास लागत नव्हता, तू अजून दोन टप्पे चालली असतीस. सलमा म्हणाली, आपण सगळ्याच थांबू. तू ऐकलं नाहीस. सगळ्यांना पुढं काढलंस, सलमाला पुढं ठेवलंस, अंधार पडलाच तर मागून उजेड हवा म्हणून युसूफभाईंची रिक्षा त्यांच्या मागं लावलीस, आणि डबल दिलीस. मग माझ्याजवळ दगडावर येऊन बसलीस आणि मोसंबं सोलायला लागलीस.

मी तुला जा म्हटलं. दोनदा म्हटलं. तू सालं काढत राहिलीस.

मग एस्टी आली. तू हात केलास. आत एक तरुण कंडक्टर मुलगी होती, तिनं तुला ओळखलं, "अय्या, मंगलताई!" म्हणाली आणि आपल्यासाठी खिडकीची सीट रिकामी करून घेतली. तू सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या रस्त्यावर एस्टीत बसलीस. नाक काचेला लावून बघत होतीस. "खिडकीतून आसा दिसतो व्हय गं हा रस्ता! लई झाडं हायेत की!" आणि तेव्हा, भरल्या गाडीत, मी तुझ्यावर ओरडले. तुला कुणी सांगितलं होतं थांबायला? मी सांगितलं होतं? दीड वर्षाचं सगळं मातीत घातलंस, आणि आता मला आयुष्यभर ऐकवशील, म्हणून थांबलीस ना?

तू खिडकीतून मान वळवलीस. रागावली नव्हतीस. "पॅसेंजर मधल्या फाट्यावर सोडून कंडक्टर जात नसतो मॅडम," म्हणालीस. "एक टप्पा राहिला, राहू द्या. संक्रांतीची हळदीकुंकवं आटपली की दोघी येऊन चालून टाकू. टप्पा काय पळून जायलाय का?"

पैठणच्या स्टँडावर सगळे उतरले. मी उतरले. तू मात्र गाडीत मागं गेलीस, प्रत्येक सीटखाली वाकून पाहिलंस, तुझी गाडी नसतानाही, आणि मग खाली आलीस. कुणाचं काय राहिलं का बघून कंडक्टर सगळ्यात शेवटी उतरतो, असं तू त्या मुलीला हसत सांगितलंस. माझी चूक नव्या बुटांची होती. ती मी त्या दिवशी कबूल केली नाही. नंतरही नाही.

आठ दिवस मी घराबाहेर पडले नाही. टाचा भरायच्या आहेत म्हणत होते, पण खरं म्हणजे मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. नवव्या दिवशी तू आलीस. दारातले नवे बूट उचललेस, पिशवीत टाकलेस आणि निघून गेलीस. मला वाटलं, फेकून देणार. पंधरा दिवसांनी आणून परत ठेवलेस. मी घातले तर लोण्यासारखे मऊ. तुझा पाय माझ्याहून अर्धा नंबर लहान. पुष्पानं मला नंतर सांगितलं की तू दोन दोन मोजे घालून, माझे बूट पायात अडकवून, रोज सकाळी मैदानावर गोल गोल फिरत होतीस. तिनं विचारलं तर म्हणाली होतीस, "मॅडमच्या बुटांना चालायला शिकवायले."

संक्रांत झाली, हळदीकुंकवं झाली. रथसप्तमीनंतरचा रविवार आपण ठरवला. माझ्या भाचीचा साखरपुडा निघाला, म्हणून मीच म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. तू म्हणालीस, "जाऊ की." त्या गुरुवारी सकाळी ज्योती तुला उठवायला गेली आणि तू उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच.

मी त्या पुढच्या रविवारचं काय करू, हे मला पंधरा दिवस कळत नव्हतं. पैठणचा सगळा रस्ता पायाखाली घालायची एवढीच तुझी इच्छा होती, आणि ती माझ्या हौसेमुळं आणि माझ्या भाचीच्या साखरपुड्यामुळं एका टप्प्यावर अडकली. मी रडले, तुला सांगते. स्वयंपाकघरात, कढई हातात घेऊन, मोठ्यानं.

मग मी पर्स उघडली आणि सलमाला फोन केला.

काल आम्ही गेलो. एस्टीनं, त्याच फाट्यापर्यंत. युसूफभाई रिक्षा घेऊन आधीच तिथं उभे, टेप बंद. तोच दगड. मला वाटलं, आपलं हे सगळं इथंच संपणार, एकेक जण घरी जाईल आणि परत मैदानावर फेऱ्या मारेल. काहीतरी करायला पाहिजे म्हणून मी मोजायला लागले. तुझ्यासारखीच, खांद्याला हात लावत. सलमा, पुष्पा, मग बाकीच्या. सात. आम्ही आठ निघालो होतो. मी पुन्हा मोजलं. सात. "एक राहिली!" मी ओरडले. "एस्टीत राहिली कुणीतरी!" युसूफभाईंनी किक मारली सुद्धा.

पुष्पानं माझा हात धरला. "मॅडम, तुम्ही स्वतःला मोजलं नाय."

सलमा जी हसायला लागली ती रस्त्याच्या कडेला बसलीच. तिच्यामागून सगळ्या. मी पण. गणिताची बाई, एकतीस वर्षं, आणि आठाची बेरीज चुकली. तू गेल्यापासून आम्ही हसलो नव्हतो. युसूफभाईंनी डोळे पुसले आणि टेप चालू केला. मी तुझी शिट्टी तोंडाला लावली. तुझ्या दातांनी चेपलेल्या जागेवर माझे दात बसतात गं. दोन मारल्या.

तू मऊ केलेले बूट होते पायात. काही झालं नाही, एक फोडही नाही. लिंबाची झाडं, उसाचे ट्रॅक्टर, मागून कव्वाली. वाटेत एकानं विचारलं, कसली दिंडी आहे ही, तर पुष्पानं सांगितलं, आमच्या कंडक्टरची. तो हात जोडून बाजूला झाला. चालता चालता मी तुला सगळं सांगितलं. बुटांचं. ओरडल्याचं. तू थांबलीस तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं की त्याचीच लाज वाटली, आणि म्हणून ओरडले, हेही. त्या दगडावर मला एकटीला सोडून तू गेली असतीस तर मी परत कधी चालले नसते, मंगल. तू थांबलीस म्हणून मी आज चालते.

पैठणच्या स्टँडात शिरलो आणि मी सवयीनं फोन काढला. पाच पूर्णांक तीन.

जिंकले मी. दीड वर्षाचा वाद, आणि शेवटी पुरावा हातात. तुझा टप्पा सहाचा नव्हताच. मी तो आकडा बराच वेळ बघत उभी राहिले. आणि मग म्हटलं, "चला गं. सातशे मीटर राहिलेत."

"मॅडम, स्टँड आलं की!" पुष्पा म्हणाली.

"टप्पा सहाचा असतो," मी म्हटलं.

सलमाला कळलं. ती माझ्या मागं निघाली. आम्ही आठजणी पैठणच्या स्टँडाला फेऱ्या मारायला लागलो. फलाटावरून, रसवंतीवरून, गाड्यांच्या मागून, पुन्हा फलाटावर. दुसऱ्या फेरीला कंट्रोलर साहेब केबिनमधून बाहेर आले. "ओ ताई, गोल गोल फिरून चाललात तरी कुठं? संभाजीनगरची गाडी लागलीय की."

मला थांबून त्यांना मिठीच मारावीशी वाटली. "पैठणलाच चाललोय," मी सांगितलं. "थोडंसंच राहिलंय."

सहा भरले तेव्हा आम्ही रसवंतीसमोर होतो. मी सगळ्यांना थांबवलं आणि मोजलं. या वेळी स्वतःला धरून. आठ. प्रत्येक थांब्यावर तू सांगायचीस तोच आकडा. मग फलाटावर वाकून पाहिलं, बाकांखाली, पायरीखाली, कुणाची पिशवी, कुणाची बाटली.

एक शिट्टी मारली. मोठी.

गाडी पोचली, मंगल. नऊच्या नऊ टप्पे झाले. सगळ्या उतरल्या, कुणाचं काही राहिलेलं नाही, मी नीट बघितलंय.

आता तू उतर.